गोड गार चहा : उकळीपासून गारव्यापर्यंत

सुरुवातीलाच एक व्हायवाचा प्रश्न. गार पाण्यात लिंबू पिळले, दोन चमचे साखर टाकली, खळाखळा ढवळले, तरी पेल्याच्या तळाशी साखर उरते. का? आपल्यापैकी बहुतेक जण छातीठोकपणे सांगतील, "सर, थंड पाण्यात साखर विरघळत नाही." उत्तर ऐकायला बरे वाटते, पण ते चूक आहे. बरोबर उत्तर काय, ते पुढे येईलच. त्या उत्तरावरच आजचा पदार्थ उभा आहे : गोड गार चहा.

गार चहा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर मेसच्या टेबलावर विसरलेला, साय धरलेला कप येतो, नाहीतर मॉलमधला महागडा 'आइस्ड टी'. दोन्ही बाजूला ठेवा. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा घरोघरी होणारा पदार्थ आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पन्ह्याचा किंवा कोकम सरबताचा तांब्या भरून ठेवतात, तसा तिकडे गोड चहाचा जग भरून ठेवतात. दूध नाही, मसाला नाही. काळा चहा, भरपूर साखर, लिंबाची चकती आणि बर्फ. १८७९ साली निघालेल्या, व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या एका पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. १९०४ साली सेंट लुईस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करत होते. उन्हाळा असा की गरम चहाकडे कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी चहात बर्फ टाकला आणि आइस्ड टी जन्माला आला, अशी गोष्ट सांगतात. पंचवीस वर्षे आधीची कृती छापील असल्यामुळे 'जन्म' काही तिथे झाला नाही. पण त्या प्रदर्शनाने गार चहाला प्रसिद्धी मिळाली, आणि चहा आपल्याकडचा होता, एवढे मात्र खरे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचे पुराण आम्हाला कशाला? कारण असे की त्यातली अर्धी गोष्ट आमच्या गावात आधीपासूनच आहे. उरलेली अर्धी, म्हणजे गार करणे, ती जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडे घात होऊ शकतो.

वैशाखऱ्याचा कोरा चहा

माझे गाव वैशाखरे, तालुका मुरबाड. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाकडे निघालात की घाट चढण्याआधी आमचे गाव लागते. नाणेघाटाच्या ट्रेकला कोकणाच्या बाजूने येणारे आमच्याच भागातून चढतात, त्यामुळे हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांनी गाव नकळत पाहिलेले असेल. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे माल जायचा तो याच घाटाने. वर शिलालेखाची गुहा आहे, दगडी रांजण आहे, आणि वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या काळच्या लोकांनी सुद्धा वाट केली तेव्हा पाण्याची सोय पाहिली होती, हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे आणि आसपासच्या पाड्यांवर कोरा चहा ही रोजची गोष्ट. दूध असेल तर दुधाचा, नसेल तर कोरा. साखर नाहीतर गूळ, परसातल्या गवती चहाच्या दोन पाती, कधी आल्याचा तुकडा. म्हणजे अमेरिकेतल्या गोड चहाचे सगळे साहित्य चुलीजवळ हजरच. फरक फक्त तापमानाचा. आमच्या आजीला मी गार चहाबद्दल सांगितले तेव्हा तिचे उत्तर एका वाक्याचे होते, "गार च्या कोन पितो रं?"

आजीचा प्रश्न तसा योग्य आहे. चहा गरम पिण्यात एक शहाणपण दडलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर विहिरी तळाला जातात, टँकरची वाट पाहावी लागते. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यात हंड्यांच्या रांगा, ही आपल्या जिल्ह्याची जुनी व्यथा आहे. अशा दिवसांत पाणी मिळेल ते, मिळेल तिथून आणलेले असते. ते गाळून घेतात, पण दर वेळी उकळून पितातच असे नाही. चहाचे पाणी मात्र उकळलेलेच असते! दिवसभरात पोटात जाणाऱ्या पाण्यापैकी खात्रीचे पाणी कुठले, तर चहातले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : चहा गार करा, जरूर करा, पण उकळीने जे कमावले ते गार करताना गमावू नका. उकळी आल्यानंतर चहाच्या भांड्यात न उकळलेले पाणी किंवा बाहेरचा बर्फ जाता कामा नये. आता हे कसे जमवायचे ते आपल्याच अभ्यासक्रमातून पाहू.

पहिला धडा : गोडवा

व्हायवाच्या प्रश्नाकडे परत येऊ. शून्य अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १८० ग्रॅम साखर विरघळू शकते. शंभर अंशाला हा आकडा पाचशेच्या जवळ जातो. म्हणजे बर्फासारख्या गार पेलाभर पाण्यातही साखर विरघळायला जागा भरपूर आहे. दोन चमचे म्हणजे काहीच नाही. मग ती उरते का? कारण प्रश्न 'किती'चा नाही, 'किती वेळात'चा आहे.

साखरेच्या दाण्याभोवती दाट पाकाचा पातळ थर तयार होतो. त्या थरातून साखरेचे रेणू बाहेर पसरले तरच पुढची साखर सुटते. पाच अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी नव्वद अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ पाचपट असते, आणि रेणूंची धावपळही गारठ्यात मंदावते. म्हणून गार पाण्यात साखर विरघळते, पण तोवर आपल्याला धीर नसतो. आपण पेला रिकामा करतो आणि तळाची साखर बोटाने चाटतो.

निष्कर्ष सोपा आहे. गोडवा गरम असतानाच घालायचा. अमेरिकेतल्या दक्षिणेच्या लोकांचा गोड चहा आणि हॉटेलातला 'गार चहा, वर साखरेची पुडी' यांत फरक पडतो तो इथेच. आपल्या आया-आज्या साखर चहाच्या आधणातच टाकतात, म्हणजे त्यांनी हा धडा कधीच पास केला आहे.

गूळ घालायचा असेल तर कोऱ्या चहात बिनधास्त घाला. गुळाने दूध फाटण्याची भीती इथे नाही. फक्त गुळात थोडा कचरा असतो, म्हणून आधी गूळ विरघळू द्यावा, उकळी आणावी आणि मग गाळावे.

दुसरा धडा : चहा गढूळ का होतो?

छान लालसर कोरा चहा फ्रीजमध्ये ठेवला की तासाभरात गढूळ दिसायला लागतो. अनेकांना वाटते चहा खराब झाला. तसे नाही. चहातले कॅफिन आणि रंग-तुरटपणा देणारी पॉलिफिनॉल्स गरम पाण्यात सुटी राहतात. गार झाले की ती एकमेकांना चिकटून बारीक कण तयार होतात, आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. चहा जितका कडक, तितका गढूळपणा जास्त. थोडा गरम केला की परत नितळ!

आपल्याकडची दाणेदार पावडर म्हणजे सी.टी.सी. चहा. पाने चिरडून, फाडून, गोळी वळवणारे हे यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी १९३० साली आसामात काढले. बारीक दाण्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि चहा झटपट उतरतो. दुधाच्या चहाला ते छान. गार चहासाठी मात्र ही पावडर खळखळ उकळत ठेवली तर कडूही होतो आणि गढूळही. म्हणून गॅस बंद करून मग पावडर टाकायची आणि तीन-चार मिनिटे झाकण ठेवून गाळायची. लिंबू पिळल्यावर चहाचा रंग एकदम फिका पडतो. तो चहातल्या रंगद्रव्यांवर आम्लाचा परिणाम आहे, घाबरू नये. केमिकलवाल्यांनी याला इंडिकेटर म्हणायला हरकत नाही.

तिसरा धडा : गारवा

इथे मेकॅनिकलवाल्यांनी जरा सरसावून बसावे. नव्वद अंशांचा १५० ग्रॅम चहा पाच अंशांवर आणायचा आहे. काढायची उष्णता १५० गुणिले ८५, म्हणजे १२,७५० कॅलरी. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो आणि पाच अंशांवर येताना आणखी ५. एकूण ८५. म्हणजे बर्फ लागणार बरोबर १५० ग्रॅम, जितका चहा तितकाच! चहा निम्मा पातळ झाला. म्हणून परदेशी कृतीत चहा दुप्पट कडक करायला सांगतात. हाच चहा आधी तीस अंशांपर्यंत आणला तर ३,७५० कॅलरी काढायच्या, बर्फ लागतो ४४ ग्रॅम. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. गार करणे टप्प्याटप्प्याने करावे ते यासाठी.

बर्फाची किंमत आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज बोस्टनहून तळ्याचा नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. इन्सुलेशनची याहून चांगली केस स्टडी मिळायची नाही. पण तो बर्फ साहेबांच्या पेल्यात गेला. आमच्याकडे गारवा मडक्यातून आला, आणि त्याचे गणित बर्फाहून भारी आहे.

एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० घेते, म्हणजे सातपटीहून जास्त. माठ पाझरतो, बाहेरचे पाणी उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर चहा ३२ अंशांवरून २६ वर आणायला ६,००० कॅलरी काढायच्या. हिशेबाने दहा-अकरा ग्रॅम पाणी उडाले की काम झाले. दोन चहाचे चमचे! प्रत्यक्षात बाहेरची गरम हवाही उष्णता देत राहते, त्यामुळे याच्या काही पट पाणी लागते, पण बादल्या ओताव्या लागत नाहीत.

याला एक मर्यादा आहे, ती म्हणजे ओल्या बल्बचे तापमान, आपले लॅबमधले वेट बल्ब. मे महिन्याच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर वेट बल्ब येते २४ अंशांच्या आसपास. माठ त्याच्या खाली कधी जाणार नाही, पण ३८ अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाला २५-२६ अंशांचा पेला म्हणजे स्वर्ग. समुद्राकाठी हवा ३३ अंश पण आर्द्रता ७० टक्के असेल तर वेट बल्ब २८ च्या पुढे. म्हणून मुंबईकर मावशींचा माठ 'गार होत नाही' आणि घाटाखालच्या कोरड्या दुपारी तोच माठ गारेगार करतो. दोष कुंभाराचा नाही, हवेचा आहे. पावसाळ्यात आमच्याकडेही हे जमत नाही. पण माळशेजच्या धुक्यात गार चहा मागणार कोण?

चौथा धडा : पाणी आणि बर्फ

हा धडा सर्वांत महत्त्वाचा. हॉस्टेलमध्ये उन्हाळ्यात एकाला कावीळ झाली की पाठोपाठ आणखी चार जण घरी जातात आणि परीक्षा बुडते, हे आपण ऐकून आहोत. हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' हे काविळीचे दोन प्रकार आणि विषमज्वर दूषित पाण्यातून पसरतात. बर्फ गार असतो, निर्जंतुक नसतो. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. मासे आणि इतर माल टिकवण्यासाठी तयार होणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. तो सरबतात जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून खाण्याव्यतिरिक्तच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आला. तरीही गाडीवरचा पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा, कुठल्या गोणपाटात ओढत आणला, हे पेल्यात बघून कळत नाही.

उलट पाणी खळखळून एक मिनिट उकळले की हे जंतू संपतात. पण चहा उकळून त्यात गाडीवरचा बर्फ टाकला तर उकळण्याला अर्थ काय उरला? बर्फ हवाच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याचा, आपल्या ट्रेमधला.

तिकडे काही लोक काचेच्या बरणीत पाणी आणि चहा घालून उन्हात ठेवतात. मे महिन्यात आमच्या अंगणात हा मोह होणारच. करू नका. उन्हातले पाणी फार तर पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत जाते. ते जंतू मारायला पुरत नाही.

कृती : एक लिटर, पाच पेले

साहित्य : पाणी सव्वा लिटर, चहा पावडर तीन छोटे चमचे, साखर ६० ग्रॅम किंवा गूळ ७० ग्रॅम, गवती चहाच्या चार-पाच पाती, चिमूटभर मीठ, दोन लिंबे.

१. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि गाळणे उकळत्या पाण्याने विसळून घ्यावे.

२. पाण्यात धुतलेला गवती चहा, साखर आणि मीठ घालून खळखळून उकळी आणावी व एक-दोन मिनिटे उकळू द्यावे.

३. गॅस बंद करून पावडर टाकावी. चार मिनिटे झाकावे, ढवळत बसू नये.

४. डब्यात गाळावे आणि लगेच झाकण लावावे.

५. डबा चार लिटर पाण्याच्या बादलीत ठेवावा. पाणी झाकणाच्या खाली राहिले पाहिजे. नव्वद अंशांचा एक लिटर चहा आणि तीस अंशांचे चार लिटर पाणी मिळून ४२ अंशांच्या आसपास स्थिरावतात. पाणी एकदा बदलले की ३२ च्या जवळ.

६. मग डबा परातीत ठेवून भोवती ओले सुती कापड गुंडाळावे. कापडाची टोके परातीतल्या पाण्यात बुडू द्यावीत, म्हणजे ते आपोआप ओले राहते. परात सावलीत पण वाऱ्यावर ठेवावी. बंद कपाटात ठेवली तर काही होणार नाही.

७. लिंबू डब्यात नाही, पिताना पेल्यात पिळावे. लिंबू आणि सुरी धुतलेली असावी.

बादलीतले आठ लिटर पाणी ओतून देऊ नका. ते भांडी घासायला, झाडांना, गुरांना चालते. आमच्याकडे मे महिन्यात आठ लिटर म्हणजे जवळजवळ हंडाभर पाणी, आणि तो हंडा कोणीतरी डोक्यावर वाहून आणलेला असतो.

काही पथ्ये. फ्रीज नसेल तर हा चहा तीन-चार तासांत संपवावा. सहा टक्के साखरेने काही टिकत नाही, उलट जंतूंना खाऊ मिळतो. डब्यात ओठ लावलेला पेला बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. चहा थेट माठात ओतू नये. माठाच्या छिद्रांत चहा बसतो आणि ती धुता येत नाहीत. जेवणाबरोबर चहा टाळावा, गरम असो की गार. तो अन्नातले लोह शोषू देत नाही. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी तर जेवणानंतर तासभर थांबावेच. एका पेल्यात १२ ग्रॅम साखर आहे, म्हणजे दिवसाला दोन पेले पुरेत. आणि उन्हात घाम गाळलेल्याला आधी साधे पाणी द्यावे, चहा मागून.

हॉस्टेलच्या खोलीत कॉइल लावून हा प्रयोग करू नये. रेक्टर सरांची परवानगी नाही आणि वायरिंगचीही नाही. मेसच्या काकांना मात्र हे सहज जमण्यासारखे आहे. सकाळच्या आधणातच वीस लिटर कोरा चहा काढला, झाकणाच्या किटलीत भरला आणि व्हरांड्यात ओल्या कापडात ठेवला, तर पी.एल.च्या दुपारी गेटबाहेरच्या बर्फाच्या गोळ्याकडे कोणी धावणार नाही. मेस कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. थर्मामीटर मी लॅबमधून रीतसर सही करून आणीन.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी